बाबूंना मासा आवडत नाही

१९६९ साल. मी बत्तीस वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच, पण सोनं गाळण्यात त्या बंगाली वस्तीत, अख्ख्या बागबाजारात माझा हात धरणारा कोणी नव्हता. आम्ही माळकरी, घरात माशाला शिवत नसू.

वरच्या मजल्यावर एक बंगाली पुढारी राहायचे, म्हाताऱ्या आईबरोबर. आम्ही त्यांना बाबू म्हणायचो. सभेत गरजणारा हा माणूस दर रविवारी आमच्याकडे गुपचूप वरण-भात जेवायचा. एकदा म्हणाले, "दादा, मला मासा घशाखाली उतरत नाही. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा. आमच्यात विधवेला मासा वर्ज्य. आई मला काटे काढून भरवायची आणि स्वतः कोपऱ्यात कोरडा भात खायची. अजूनही रोज रांधते. तिला वाटतं, मी आवडीनं खातो." बायकोनं त्यांच्या भातावर तूप वाढलं.

निवडणूक तोंडावर आली, बाबू उभे होते. मासळीबाजारातून जाताना एक मासेवाली म्हणाली, "काय दादा, नुसतं डाळीचं पाणी पिऊन भट्टी फुंकता?"

मला झोंबलं. "तुमच्या बाबूंनाही मासा आवडत नाही. माझ्या घरचं वरण आवडतं!"

फुशारकी, दुसरं काय! दोन दिवसांत वस्तीभर झालं. लोक म्हणू लागले, "आमच्या घरी माशाचं ताट पुढं ओढतो ते नाटकच म्हणायचं!" ज्यांची रेशनकार्डं बाबूंनी खेटे घालून काढून दिली, तेच तोंड फिरवू लागले. सभेला निम्म्या सतरंज्या रिकाम्या.

बायको म्हणाली, "अहो, अर्धंच बोललात. आईचंही सांगून टाका, सगळे गप्प होतील."

संध्याकाळी मी बाबूंना तसं विचारलं. रागावतील वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "नको दादा. पडलो तर पडलो. पण ही गोष्ट जिना चढून आईपर्यंत गेली तर? इतकी वर्षं रांधलंय तिनं."

बाबू आणि त्यांची आई, आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत मी त्या मासेवालीपुढं उभा राहिलो. जन्मात कधी कोणापुढं माघार घेतली नव्हती. ओरडून म्हणालो, "मी थाप मारली! बाबू मासा खातात, चाटूनपुसून खातात!"

"थू! थापाड्या मेला!" ती म्हणाली. सगळा बाजार हसला.

"हसा. आणि त्यांच्यासाठी एक रोहू दे. चांगला मोठा."

पिशवी घेतली नाही. हातात शेपटीला धरून, सगळ्यांना दिसेल असा तो मासा गल्लीभर मिरवत नेला आणि जिना चढून बाबूंच्या आईच्या हातात दिला.