नाव नसलेली अळंबी

आमच्या घरात अळंबीची एकच खरी परीक्षा होती, जिभेची. आमच्या निडी गावाच्या वरच्या रानात पावसाळ्यात वारुळाच्या मातीत खायची अळंबी उगवे आणि थोडं पुढे, कुजक्या पाल्यात, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी कडू अळंबी. दोघींचं डोकं मळकट पांढरं, दोघींच्या पोटाला बारीक चिरा. खायच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल गेलेला असतो, म्हणून आई काठीने माती उकरून बघायची. कडूचा देठ हात लावताच निघतो. तरी शंका राहिलीच तर कणभर तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि थुंकायचा. एक जरी कडू अळंबी गेली तरी पातेलंभर कालवण ओतून द्यावं लागे, पण जीव कुणाचा जात नसे. एवढ्याशा माहितीचा आम्हाला केवढा तोरा होता.

मी नववीत होते. श्रावणी सोमवार म्हणून शाळा अर्धीच होती. घरी येताना आडवाटेला पाच-सहा अळंब्या दिसल्या, पांढऱ्याशुभ्र. पाऊस झोडपत होता. मी उकरत बसले नाही, वरच्यावर मोडल्या आणि पानात गुंडाळल्या. श्रावणात घरात मटण शिजत नसे, त्यामुळे अळंबी ही बाबांची चैन. ते रोह्याच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून चारला घरी येत.

आईने एकेक अळंबी उलटसुलट करून पाहिली. "बूड कुठं गो ह्यांचं?"

"मोडलं."

तिचा उपास होता. जिभेला लावणं शक्य नव्हतं. तिने तुकडा माझ्यापुढे धरला. "बघ, कडू लागतंय काय?"

मी चाखला, थुंकला. "नाय. चांगली हाय."

बाबांनी भाकरीशी सगळं कालवण संपवलं. मला घास देऊ केला, पण होतंच थोडं, मी नको म्हटलं. ते खात असताना मी समोर बसून राहिले होते. मला फार बरं वाटत होतं.

पहाटे त्यांना ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. कंपनीतलं पाणी बाधलं, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी उतार पडला, ते शिफ्टलाही जाऊन आले. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. आमच्याकडे कावीळ म्हटली की डॉक्टर कुणाला आठवत नाही. एसटीने त्यांना पेणजवळ झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, तेलकट वर्ज्य केलं. दोन दिवसांनी ते बरळायला लागले, तेव्हा रोह्याच्या दवाखान्यात दाखल केलं.

डॉक्टरांनी आईला विचारलं, "आठवड्याभरात रानातलं काही खाल्लं होतं? अळंबी वगैरे?"

आई म्हणाली, "नाय. घरचंच. भात-आमटी."

मी शेजारीच उभी होते. ती विसरली असेल असं मला वाटलं. शिवाय अळंबी कडू नव्हतीच, मग सांगायचं काय? मी गप्प राहिले. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं, तेव्हा कळलं की एक तिसरीही असते. देठावर कडं, बुडाशी पिशवी. मोडून घेतली तर पिशवी मातीतच राहते. ती कडू नसते, आणि मधे उतार पडल्यासारखं दाखवून यकृत निकामी करते. तिच्यासाठी आमच्याकडे नावच नव्हतं. आम्ही सगळी अक्कल त्या निरुपद्रवी कडूवर खर्च केली होती. संताप आला, तो कुणावर काढायचा ते कळेना.

त्या सुट्टीत मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "डॉक्टरनं इचारलं तवाच उमगलं. पण तू बाजूला हुतीस. लोकांनी म्हटलं असतं, पोरीनं बापाला मारला."

"सांगितलं असतंस तर वाचले असते?"

तिने तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"ते मी कुणाला इचारलं नाय," ती म्हणाली.