भोंगवलीच्या ओट्यावरचे वाचक

भोरच्या वाचनालयात मुलांच्या सुट्टीतल्या वाचनाची नोंदवही माझ्याकडे असे. त्या मे महिन्यात वाचक नऊच भरले, म्हणून समिती उपक्रम बंद करणार होती.

भोंगवलीची एक भाजीवाली लेकीचं पुस्तक पदरात गुंडाळून आणी आणि बदलून नेई.

"लेक एकटीच वाचते ना?" मी विचारलं.

"एकटी कशी? दुपारी वट्यावर सात पोरी बसत्यात. एक वाचती, ती दमली की दुसरी."

मी वहीतला एक खोडून सात लिहिले. मग उरलेल्या आठ जणांनाही विचारलं. नवाचे सदतीस झाले आणि उपक्रम टिकला. इतकी वर्षं मी पुस्तक नेणारे मोजत होतो, वाचणारे नव्हे.

भाजीवाल्या बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मग आता जाड पुस्तक द्या सायेब. बारकं लगीच सपतंय, अन् पोरी माज्यावर वराडत्यात."