गुलाल नसलेलं अंगण

गुलालाचा कणही नसलेलं ते अंगण अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत मी नवीन फौजदार होते. शाळा इंग्रजी, स्वभाव अबोल. चौकशीत बोलण्यापेक्षा बघायचे जास्त.

खुनातल्या एका कैद्याने उरलेली शिक्षा माफ व्हावी म्हणून अर्ज केला होता. सोबत वजनदार पुढाऱ्याची शिफारस. कैदी त्यांचाच भाचा. बांधाच्या भांडणात त्याने शेजाऱ्यावर कोयता चालवला, भाच्याच्या गड्याने कंदील धरला. दोघांनाही जन्मठेप. अर्ज मात्र एकट्या भाच्याचा. तो परतल्यास गावाची शांतता बिघडेल का, असा अभिप्राय ठाण्याकडे मागितला होता.

"जबाब घ्या, 'हरकत नाही' लिहा, मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

निघताना हवालदार पुटपुटले, "मॅडम, मयताच्या बायकोला एकटीला भेटा."

गावात पोलीस पाटील माझ्या सावलीसारखे. सगळ्यांचे जबाब सारखे, शब्दसुद्धा तेच. शिमगा नुकताच झालेला. ग्रामदेवतेची पालखी घरोघर नाचून गेल्याने अंगणं गुलालाने लाल होती. विधवेचं अंगण कोरं. ओट्यावर देवीसाठी ठेवलेला नारळ तसाच.

"पाटील, बाहेर थांबा."

"आमी काय परके, बाईसाहेब?"

"थांबा."

"पालखी आली नाही?" मी तिला विचारलं.

"दारातनं वळवली. हरकत नाय म्हनून अंगठा दिला नाय ना मी. पोर लग्नाची हाय, बाई. गावानं टाकलं तर तिला कोन करील?"

"तो सुटू नये असं वाटतं?"

"सुटंना का! पन गड्यानं नुस्ता कंदील धरलान. मारनारा घरी नि कंदीलवाला तुरुंगात, ह्याला मी कशी हो म्हनू?"

ते मी शब्दशः लिहिलं.

"गड्याबद्दल कोणी विचारलंय?" साहेबांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

"नाही सर. तिने सांगितलंय."

शेवटी त्यांनी सही केली. पुढे भाच्याचा अर्ज नामंजूर झाला. माझ्या मनात तिच्या पोरीची धास्ती बसली.

मग एके दिवशी ती एस.टी.ने ठाण्यात आली, गड्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन. गड्याच्या माफीचा अर्ज लिहायचा होता, त्यावर 'हरकत नाही'चा अंगठा तिचा. तेव्हापासून माफीचा कोणताही अर्ज आला की मी आधी विचारायचे: याच गुन्ह्यात आणखी कोण आत आहे?

"अहो, पालखी पुन्हा वळवतील," त्या दिवशी मी तिला म्हटलं.

बोटाची शाई पदराला पुसत ती म्हणाली, "वळवूद्यात. मी नारळ ठेवीन."