पडद्याआडची मापं

सिस्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप मी कधी पाहिला नाही. कायम शिंप्याची टेप. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आगरदांड्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिलाईचा वर्ग काढला होता. डोंगरातली वाडी दरडीखाली गेली, तिथली वाचलेली कुटुंबं शेडभोवतीच्या वस्तीत आणून ठेवली होती. मी निवृत्त मास्तर. मुलांना पाढे आणि बायकांना सही शिकवायला जायचो. शिवाय वर्गाची वही ठेवायचो. ती ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, पण नीटनेटकेपणा हा माझा जुना आजार.

वर्गाच्या कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा होता. "ये गं, ब्लाउजचं माप घेते," म्हणत सिस्टर एकेकीला आत नेत. अर्धा अर्धा तास माप चाले.

"सिस्टर, एवढ्या वेळात आमची ही तयार होऊन लग्नाला पोचते," मी एकदा म्हटलं.

"गुरुजी, तुम्ही पाढे बघा."

मी हसलो. कळलं काहीच नाही.

मग वर्ग बघायला पाहुणे आले. अख्खी वस्ती जमली, पुरुषही. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन शब्दांवर थांबणारा नव्हे. वही उघडली आणि म्हणालो, "मापं ढीगभर, ब्लाउज मोजून सहा. या कांताचं माप तर पाचदा घेतलं. काय गं, कापड उंदरांनी खाल्लं?" पुरुष खो खो हसले. कांताची सासू हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कांता वर्गाला आली नाही. तेव्हा सिस्टरांनी मला बाजूला बसवून सांगितलं. पडद्याआड बायका दुखणी सांगत, नवऱ्याचे वळ दाखवत. कांताची दोन बाळंतपणं पाठोपाठ झालेली, अंगात रक्त नाही. मूल राहू नये म्हणून सिस्टर तिला गोळ्या देत होत्या. "दवाखान्यात जाते म्हटलं तर घरचे सोडत नाहीत, गुरुजी. ब्लाउजला कोण नाही म्हणत नाही."

"मी तुमची माफी मागतो," मी म्हटलं.

"माझी कशाला?"

गेलो कांताकडे. दारात सासू सुकट निवडत बसलेली. "काय काम हाय गुरुजी?" मागे कांता उभी, डोळ्यांनी नको नको म्हणत. कशाची माफी, हे सांगायचं तर पुन्हा तेच चव्हाट्यावर. "पाणी मिळेल का?" एवढंच बोललो. कांतानं तांब्या दिला. मी पाणी प्यालो आणि परत आलो.

सिस्टर मात्र रोज त्या दारात जाऊन बसू लागल्या. सासूचे गुडघे चोळून देत, गप्पा मारत. चार महिन्यांनी सासूच म्हणाली, "हिला न्या शिवनाला, घरात बसून काय करतेय." तोवर वर्गामुळे गणवेशाच्या कारखान्यात कांताची ठरलेली नोकरी दुसरीला गेली होती आणि गोळ्या बंद पडून कांताला दिवस गेले होते. बाळंतपण सिस्टरांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात उशाशी बसून निभावलं. मायलेकरं वाचली, थोडक्यात.

सिस्टर मला कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी त्या गेल्या.

कांता हे तिचं खरं नाव नाही. एवढी अक्कल मला त्या सभेत सुचायला हवी होती.