पांढरी चारमधलं जर्मन गाणं

विजयमालेच्या गळ्यातली गाठ मिरजेला काढली, ती नीट निघाली, टाके सुकले, आणि वरचा षड्ज मात्र गेला तो परत आला नाही. यात कुणाची चूक नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की आवाजाचं काही सांगता येत नाही. जीव की आवाज असं विचारल्यावर शहाण्या बाईनं जीव निवडावा, तसा तिनं निवडला. मग ती सांगलीला विश्रामबागेतल्या घरी परत आली, आणि वाचलेल्या जिवाचं करायचं काय, ते तिला कळेना.

तिचं नाव होतं ते तानांसाठी. पेटीच्या काळी पाचात, चांगल्या उंच पट्टीत गायची. गरगर फिरून तान वर जाऊन टेकली की मिरजेतले जाणकार माना हलवायचे. दर्ग्याच्या उरुसात एकदा तरी गाऊन हजेरी लावायची ही तिथल्या गवयांची रीत, आणि ती लग्नाआधीपासून पाळत आली होती. ऑपरेशनच्या वर्षी हजेरी चुकली. पुढच्या वर्षीही चुकली, आणि त्यानंतर कुणी विचारीनासंच झालं. तेच तिला जास्त लागलं.

सासू मनुबाई कोरेगावकडची, बोलायला रोखठोक. "गळा गेला म्हंजी काय पाय गेला व्हय? आमी जलमभर गायलो न्हाई. आमचं काय अडलं?"

"तुमचं काही अडलं नाही, आत्याबाई. माझं अडलंय."

"मग दळण घिऊन जा. गिरणीत आत्ता गर्दी न्हाई."

नवरा बाळासो साखर कारखान्यात फिटर. ऑपरेशननंतर, पंचाहत्तर साली तिथं नवी यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब आला होता. जाताना त्यानं बाळासोला पान्यांचा एक संच दिला आणि एक रेकॉर्ड दिली. पाने बाळासोनं जिवापाड जपले. रेकॉर्ड बायकोच्या हातात ठेवली. "तुज्या कामाची वस्तू. बाई गाती, आन् मागं अख्खी वरात वाजती."

घरात एक प्लेअर होता, दिरानं फौजेच्या कँटीनमधून आणलेला. तो लावायचा तो संध्याकाळी, मनुबाई गणपतीच्या देवळात गेल्या की. एरवी त्यांना ती खरखर सोसायची नाही.

पहिल्या संध्याकाळी विजयमालेनं सुई टेकवली. आधी नुसती तारांची वाद्यं आली, इतकी हळू, की ती वाजताहेत की आपल्यालाच तसं वाटतंय, ते कळू नये. उसाच्या सरीत पाणी सोडलं की ते आधी दिसत नाही, नुसती माती काळी होत जाते, तसा सूर पसरत गेला. मग लांब, नदीपल्याड कुणी शिंग फुंकावं तसा एक आवाज. आणि त्याच्यामागून बाई. ही बाई कसल्याच घाईत नव्हती. खालून, छातीतून गात होती, एकेक शब्द झोपेत हात लावून बघावा तसा. मध्येच शुद्ध गंधार सोडून ती कोमल गंधारावर उतरली आणि सगळी खोली सावळी झाली. मग पुन्हा हळूच उजेड. शब्द एकही कळत नव्हता, आणि कळावा असं विजयमालेला वाटलंही नाही.

रेकॉर्ड संपल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण गातोय. ती बाई जिथं विसावली होती तिथंच आपणही विसावलोय, आणि गळ्याला ओरखडा नाही, धाप नाही. तिनं पेटी ओढून सूर पाहिला. पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी. बायकांच्या गाण्यात इतकं खाली सहसा कुणी उतरत नाही. पण आवाज तिथं जाऊन बसला होता, दमलेली गाय आपल्या गोठ्यात बसावी तसा.

मग ते रोजचंच झालं. कधी रेकॉर्डचा सूर पेटीपेक्षा जरा खाली लागायचा, कधी जरा वर. ती म्हणायची, पेटीनं दमट हवा धरली. आपलेच जुने राग ती त्या पट्टीत, त्या संथ लयीत गाऊन बघू लागली. ताना गेल्या त्या गेल्या. पण एकेका सुरावर इतका वेळ उभं राहता येतं, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. उभं राहिलं की सुराच्या आत एक अंगण दिसे, अंगणापलीकडे पाणी, पाण्यावर धुकं. भाकरी तव्यावर करपायची. मनुबाई म्हणायच्या, "पोरगी हाय कुटं? सांगलीत तर न्हाई."

उरूस जवळ आला तशी ती मिरजेला जैनुद्दीन सतारमेकरच्या दुकानात गेली. तिचा तंबोरा बायकी, लहान. पांढरी चारला उतरवला की त्याच्या तारा सैल पडायच्या आणि तो नुसता कण्हायचा.

"काळी पाचवरनं पांढरी चारवर?" जैनुद्दीननं हातातली कानस खाली ठेवली. "बाई, तुमाला मर्दानी तंबोरा लागंल. भोपळा मोठा, तारा जाड. मागं तुमी दिसणार बी न्हाई."

"दिसायला कुठं जायचंय? ऐकू आलं म्हणजे झालं."

"लोकं हसतील."

"हसू देत. मला हजेरी लावायचीय."

आढ्याला टांगलेला एक थोरला तंबोरा त्यानं उतरवला. तार जिथं घोडीवर टेकते तिथं घासून घासून झणकार काढायचा, त्याला जवारी म्हणतात. हे काम घाईचं नाही. उरुसाच्या आधी या, म्हणाला.

तंबोरा घ्यायला निघाली त्या दिवशी ती आधी दवाखान्यात गळा दाखवायला गेली. डॉक्टरीणबाई शिकायला काही वर्षं जर्मनीत राहून आलेल्या. "काहीतरी गुणगुणून दाखवा," म्हणाल्या, आणि विजयमालेच्या तोंडात त्या रेकॉर्डवरच्या गाण्याशिवाय दुसरं काय येणार? बाईंनी कान टवकारले. "हे कुठं शिकलात? माझ्याकडं आहे ही रेकॉर्ड. पण तुम्ही झोपेत चालल्यासारखं का गाताय?"

दवाखान्याच्या वरच त्यांचं घर. भर दुपारी त्यांनी रेकॉर्ड लावली. तीच वाद्यं आली, पण पाय उचलून. शिंग जवळून वाजलं. बाई गायला लागली ती एक पूर्ण स्वर वर, पांढरी पाचात, तरतरीत, हसऱ्या गळ्यानं. कोमल गंधार आला न आला तोच निघून गेला, ढगाची सावली रस्त्यावरून पळावी तसा.

"उतावळ्या बाईचं गाणं आहे हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचा माणूस येतोय, आणि ती फाटकापर्यंत पळत निघालीय. गाणं करणाऱ्यानं वरती लिहून ठेवलंय, सावकाश गाऊ नये. तुमचा प्लेअर दुरुस्त करून घ्या."

ती तंबोरा न घेताच घरी आली. बाळासोनं ऐकलं आणि हसत सुटला. "आगं, नदीकाठच्या मोटरी हाईत त्या. सांजच्याला समदे उसाला पाणी पाजत्यात. करंट उतरतो, दिवं तांबडं पडत्यात न्हवं? तशी प्लेअरची मोटर बी दमती. तबकडी हळू फिरली की आवाज बी खालीच जाणार. तू गाणं कुटं ऐकलंस? तू ऊस ऐकलास."

त्याला गंमत वाटली. तिला रात्रभर वाटत राहिलं, की आपलं घर दुसऱ्याच्या जागेवर बांधलं गेलं. ते अंगण, ते पाणी, ते धुकं, सगळं कमी पडलेल्या करंटचं. असल्या उसन्या पट्टीत दर्ग्यात बसायचं? खऱ्या गाण्याची पट्टी तरी खरी आहे.

उरुसाच्या आदल्या सकाळी तिनं जैनुद्दीनला सांगितलं, "पांढरी पाचला चढवा."

"जवारी पांढरी चारला बसवलीय, बाई. परत घासायला लागंल. आन् उरूस उद्यावर आलाय."

"आधी चढवून तर बघा."

कुरकुरत त्यानं खुंट्या पिळल्या. दुकानात आणखी दोघं गिऱ्हाईकं होती. विजयमालेनं सा लावला, लागला. पंचमापर्यंत गेली, तिथंवर ठीक. त्याच्यावर पाऊल टाकलं आणि आवाज सुक्या काटकीसारखा मोडला. पुन्हा गेली, पुन्हा तिथंच मोडला. गिऱ्हाईकं भिंतीवरच्या सतारी बघायला लागली. जैनुद्दीन जमिनीवरचा भुसा गोळा करत बसला.

मग तिनं तंबोरा ओढून घेतला आणि आपल्या हातानं एकेक खुंटी उलटी फिरवली. पेटी मागितली नाही. तारा उतरत उतरत एका जागी आल्या आणि जाड, मऊ झणकार दुकानभर झाला. तिनं सा लावला. त्याच्यात कुठला करंट नव्हता, कुठली मोटर नव्हती. भर सकाळ होती, आणि गळा तिचा होता. सुरावर ती उभी राहिली. अंगण तिथंच होतं.

"ही पट्टी माझी," ती म्हणाली. "राहू दे."

"मी तरी काय येगळं म्हनत हुतो?" जैनुद्दीन म्हणाला, आणि तंबोऱ्याला गवसणी चढवायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्ग्याच्या चिंचेखाली ती त्या थोराड तंबोऱ्यामागं बसली तेव्हा पुढची चार माणसं हसली खरी. एक म्हणाला, "तंबोऱ्याला लुगडं नेसवलंय काय रं?" तिनं ऐकलं आणि सा लावला. तबल्याला बादशहा होता, तिच्या जुन्या ताना जाणणारा, हात शिवशिवत बसलेला. त्यानं ठेका धरला. तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं लय उतरवली. तिनं पुन्हा मान हलवली.

"बाई," तो वाकून म्हणाला, "किती सावकाश?"

"अजून थोडं."

त्यानं ठेका आणखी सैल सोडला, आणि विजयमाला खालच्या पंचमावरून निघाली, हळूहळू, कुणाला भेटायची घाई नसलेल्या बाईसारखी.