सत्याप्पाचा तळहात

धुकं असं उतरलं होतं, की रस्त्यापलीकडची तंबाखूची वखार नुसत्या वासावरनं ओळखायची. निपाणीत थंडीच्या तोंडाला चार-आठ दिवस हे असं होतंच. सत्याप्पानं गाड्या रंगवायच्या शेडचं दार उघडलं, वर बघितलं आणि आज रंग मारायचा नाही हे ठरवून टाकलं. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट कळा येते, मेलेल्याच्या ओठावर यावी तशी. घासायला मात्र धुकं आड येत नाही. त्यानं बादलीत घासायचे पाणपेपर भिजत घातले आणि मारुतीरावांच्या फियाटच्या दाराशी पोतं टाकून बसला.

सत्याप्पाची एक रीत होती. कुणाचीही गाडी येवो, आधी ती धुवायची. "अंगावरचा मळ गेल्याबिगार दुखणं कळत न्हाय," म्हणायचा. मग पत्र्यावर मलमलचं फडकं, फडक्यावर तळहात, डोळे मिटलेले, आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत सावकाश एक फेरी. कुठं खड्डा बुजवायला लांबी भरलीय, कुठं ठोकून पत्रा सरळ केलाय, कुठं आतनं गंज धरलाय, सगळं हाताला कळायचं. फेरी संपली की एकच आकडा. त्यात घासाघीस नाही, मागनं वाढही नाही. बेळगावच्या टॅक्सीवाल्यांत बोललंच जायचं, सत्याप्पाचा हात फिरला, भाव ठरला.

मारुतीरावांच्या गाडीवरही आठ दिवसांपूर्वी असाच हात फिरला होता. दीड हजार.

आता पेपर चार वेळा फिरला न फिरला, तोच दाराच्या खालच्या अंगाची बोटभर जाड लांबी खपलीसारखी सुटून हातात आली. मागं पत्रा नव्हताच. गंजाची जाळी होती नुसती. बोट लावलं तर आरपार गेलं. त्यानं दुसरं दार खरवडलं. तिथंही तेच. नवा पत्रा, वेल्डिंग, परत लांबी, परत वाळवण. दीड हजारातले हजार इथंच जिरणार होते.

पण तो दाराकडं बघतच नव्हता, आपल्या हाताकडं बघत होता. एवढी मोठी खोट, आणि हाताला कळली नाही?

त्याची बायको जयाबाई चहा घेऊन आली. पंधरा वर्षं विड्या वळलेली बाई. ते काम सुटल्यापासनं शेडातच धुणं-घासणं करायची.

"अवो, गिलास कडंला धरा की. लई तापलाय."

त्यानं तो मुठीत धरला होता. त्याला कोमट लागत होता. जयाबाईनं दाराचं भोक बघितलं आणि काहीच विचारलं नाही. तेच त्याला खटकलं.

"तुला ठावं हुतं?"

"दाराचं न्हवतं. हाताचं हुतं."

"कवापासनं?"

"गेल्या उन्हाळ्यापासनं. म्हणून तर गाडी धुताना तुमास्नी हाक मारते."

सत्याप्पाला आठवलं. *हितला डाग जाईना बगा. हितं कायतर उठलंय बगा.* ती सांगायची तिथं तो हात ठेवायचा, आणि आपल्याच हातानं हुडकलं असं समजायचा. मारुतीरावांची गाडी आली त्या दिवशी ती माहेराला कडोलीला गेली होती.

"मग बोलली का न्हाईस गं?"

"काय बोलू? तीस वर्सं थिनरनं हात धुतल्यासा. साबण घ्या म्हटलं, तर म्हणायचासा, साबणानं कुटं रंग जातोय व्हय?"

तेवढ्यात धुक्यातनं एक अँबॅसिडर आत आली. बेळगावचा परशराम, दहा वर्षांचं गिऱ्हाईक.

"काय आण्णा, फिरवा हात! सांजच्याला भाडं हाय."

जयाबाईनं गाडी धुतली. सत्याप्पानं फडकं उचललं, बॉनेटवर ठेवलं. त्यावर हात टेकला, परत उचलला. मग फडकं तिच्याकडं धरलं.

"जये, तू बघ."

परशराम मोठ्यानं हसला. "आता वैनी भाव सांगणार? मग भाकरी तुमी थापणार काय?"

जयाबाई हसली नाही. डोळे मिटून फेरी पुरी केली. "डाव्या मडगार्डला आतनं गंज धरलाय. डिकी दोनदा ठोकलीया. त्यातली एका येळची लांबी कच्ची हाय."

परशरामचं तोंड उतरलं. डिकीचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी म्हणाला, "ते असंल वैनी. पर आण्णा, माझ्या गाडीवर तुमचा हात फिरला, असं मी स्टँडवर सांगतो. बाईचा फिरला म्हणून कसं सांगू?"

"माझा हात मेला रं, परशा."

ते शब्द पहिल्यांदाच तोंडातनं बाहेर पडले. परशराम गाडीत बसला. "बघतो आण्णा. येतो फिरून," म्हणाला आणि ओली गाडी तशीच मागं घेतली. बेळगावच्या अंगाला लाल दिवे जरा वेळ दिसले, मग तेही नाहीत. संध्याकाळपर्यंत टॅक्सी स्टँडवर ही गोष्ट पोचणार होती, आणि एकदा पोचली की ती माघारी आणता येत नाही.

"मारुतीरावास्नी काय सांगायचं?" जयाबाईनं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? दीड हजार म्हटलंय."

"पर हात तर..."

"तोंड माझंच हुतं न्हवं?"

फडकं पिळून तिनं तारेवर टाकलं आणि फियाटच्या दुसऱ्या दाराशी जाऊन बसली. बादलीतलं पाणी गंजानं तांबडं झालं होतं. सत्याप्पानं ते गटारीत ओतलं आणि रिकामी बादली घेऊन नळाकडं गेला.