विहिरीत ओतलेलं पाणी

आमच्या विहिरीला परदेशात बक्षीस मिळालं होतं, असं सांगितलं की नातवंडं हसतात. हसू देत. मला मात्र अजून दुपारी डोळा लागला की ती विहीर दिसते. तळाशी वीतभर पाणी, आणि त्यात आभाळ हलतंय.

जव्हारजवळच्या साखरशेतच्या पलीकडे डोंगरात माझं सासर. भात, नागली बरी पिकायची. पावसात तर पाण्याचा कंटाळा यायचा, पण होळी सरली की विहिरीचा तळ दिसायचा. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि खाली नदीपर्यंतचा उतार. त्यातली गंमत सांगू? परत चढताना हंड्यातलं पाणी कानाशी बोलायचं. डुब डुब, डुब डुब. अर्ध्या झोपेतच घर यायचं.

त्या वर्षी धाकट्या दिराची सोयरीक जमली होती. मुलगी मोखाड्याकडची. तिची माणसं पावसाळ्यात घर बघून गेली. मुलीच्या आईनं विचारलंच, "पानी कसं हाय गावात?"

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्या लगेच म्हणाल्या, "बारमाही!"

दुसरं काय म्हणणार त्या? पाणी नाही त्या गावात पोरगी कोण देतं? पुढे मुलीकडे कुणी वारलं म्हणून लग्न वर्षभर लांबलं, आणि मध्ये आला उन्हाळा.

उन्हाळ्यात एके दिवशी ग्रामसेवक सांगत आला, "मुंबईचे टीव्हीवाले उद्या येणारेत. पाण्यावर कार्यक्रम करायचाय." टीव्ही आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. आत्यांना एवढंच उमगलं, की आपली कोरडी विहीर आता मोखाड्यात दिसणार.

पहाटे त्यांनी आळीतल्या सगळ्या बाया उठवल्या. "चला गं, विहीर भरायचीय."

"आत्या, विहिरीतनं पानी काढतात. घालत नाहीत."

"तू घाल. तोंड मागनं चालव."

तर आम्ही जव्हारच्या बाजारातली ठेवणीतली लुगडी नेसून नदीचं पाणी वर आणलं आणि विहिरीत ओतलं. ओतलं की कातळ पिऊन टाकी. पुन्हा ओतलं. हळूहळू तळाशी पाणी धरलं, आणि पूर्वेची लाली त्यात उतरली. आम्ही सगळ्या काठाशी वाकून बघत राहिलो. मला वाटलं, आपण विहिरीत पाणी नाही, सकाळच ओतली.

तेवढ्यात मागून खर्र खर्र आवाज आला. टीव्हीवाले सांगितल्यापेक्षा लवकर आले होते, आणि एकजण डोळ्याला यंत्र लावून कधीचा आमच्याकडे बघत होता. आत्यांनी कोंबड्या हाकलाव्यात तसा हात केला. "हुश्श! हे नका घेऊ, सायेब!"

त्यांच्यातली एक बाई पुढे आली. "मावशी, विहिरीत पाणी का ओतताय?"

"पाव्हणं येनार होतं ना. पाव्हण्याला कोरडी विहीर कशी दाखवायची?"

ती बाई काठावर बसली, आणि आम्ही दिलेलं तांब्याभर पाणी दोन्ही हातांनी धरून प्यायली.

मग कितीतरी दिवसांनी ग्रामसेवक आत्यांकडे धावत आला. "आजी, तुमच्या कार्यक्रमाला परदेशात बक्षीस! समाजाच्या भल्याचे कार्यक्रम देशोदेशीहून स्पर्धेला आले होते, त्यात!"

"बक्षिसात पानी दिलं का?" आत्यांनी विचारलं.

बक्षीस मिळालं म्हणून कार्यक्रम पुन्हा दाखवणार होते. मोखाड्यात पंचायत समितीत टीव्ही होता, तिथे ग्रामसेवकानं आम्हाला नेलं. संध्याकाळी खोलीत माणूस मावेना. आणि आमच्या पुढ्यातच बसली मुलीची आई! आत्यांनी पदर नाकापर्यंत ओढला. "मोडली गं सोयरीक," माझ्या कानात म्हणाल्या.

काचेवर करडा डोंगर आला. करड्या बाया आल्या. मीही होते त्यात, पण ती मी वाटेना, कुणाच्या तरी स्वप्नातली बाई वाटे. मग आत्या आल्या, हंडा ओतला, आणि "हुश्श!" केलं. सगळी खोली हसली.

मुलीची आई वळली. "काय ओ विहीनबाई, बारमाही का?"

आत्या पदराआडून म्हणाल्या, "व्हय. आमी घातलं की बारमाही."

 मुलीच्या आईचे खांदे हसून हलायला लागले. "आमची पोर लहानपणापासून झऱ्यावर वाटीनं पानी भरतेय. तुमाला मी काय सांगितलं व्हतं? आमच्या दारातच नळ हाय म्हनून!"

लग्न झालं. विहीर तशीच राहिली. नव्या जावेबरोबर मी नदीवर जायची तेव्हा ती विचारायची, "वहिनी, परदेशातल्या लोकांना काय वाटलं असंल ओ?" मला कुठलं ठाऊक! मी आपली मनात रचत बसायची. बाहेर थंडी, आत अंधारात बसलेली लोकरीचे कोट घातलेली माणसं, आणि समोर आमची पहाट.

एकदा चढ चढून आलो, तर ही विहिरीपाशी थांबली आणि हंडा कलता करून थोडं पाणी तिनं आत सोडलं.

"अगं, आता कुनासाठी?"

"असू द्या," ती म्हणाली. "कुनी आलं तर?"

अंगणातून आत्या बघत होत्या. एरवी पाण्याचा थेंब सांडला तरी ओरडायच्या. त्या दिवशी मात्र पदर सावरून आत वळल्या.